दूधभात मांजराला पुरतो का?

प्रश्न : आमच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत सापडलेलं मांजराचं पिल्लू मुलांनी घरी आणलं आहे. दोनेक महिन्यांचं असावं. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन साडेसातशे ग्रॅम भरलं. आम्ही शाकाहारी आहोत, फार तर अंडं चालतं. सासूबाई म्हणतात, त्यांच्या माहेरी मांजरं दूधभातावर पंधरा-पंधरा वर्षं जगली. मुलगी म्हणते, पाकिटातलंच खाणं द्यायला हवं. पाकिटांवरच्या किमती पाहून मी गप्प बसले. फार खर्च न करता हे पिल्लू नीट वाढवता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सासूबाईंनी पाहिलं ते खरंच आहे. त्यांच्या माहेरची मांजरं दूधभात खात होती, यात शंका नाही. फक्त उरलेल्या वेळात ती काय खात होती, हे कुणी मोजलं नव्हतं. त्या घरात कणग्या होत्या, माळा होता, शेजारी गोठा होता, म्हणजे उंदीर होतेच. एका लहान उंदरातून साधारण तीस कॅलरी मिळतात. मोठ्या मांजराला दिवसाकाठी असे आठ-दहा पुरतात. त्यात मांस आलं, काळीज आलं, हृदय आलं, हाडंही आली. जेवण तिथे व्हायचं आणि स्वयंपाकघरातली दूधभाताची वाटी ही वरची कमाई असायची. तुमच्या पिल्लाला फ्लॅटमध्ये फक्त वरच्या कमाईवर ठेवलं तर त्याचं भागणार नाही.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे आणि ही त्याची आवडनिवड नाही, शरीराची रचनाच तशी आहे. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. मांजराच्या शरीराला ते जमत नाही, त्याला ते प्राण्यांच्या पेशींतून आयतं मिळावं लागतं. टॉरीन नावाच्या घटकाचं तसंच. तो मांस-मासळीत असतो, डाळ-तांदळात नसतो, आणि मांजराला स्वतःपुरता तयार करता येत नाही. टॉरीन कमी पडलं तर मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये कळलं. हृदयाचे स्नायू सैल पडून मांजरं दगावतात, त्यामागेही तेच कारण आहे, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं. गंमत अशी, की ती मांजरं विकतचं खाद्य खाणारीच होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरीनचं प्रमाण वाढवलं आणि तो हृदयविकार झपाट्याने कमी झाला. म्हणून पाकिटाबद्दल तुमच्या मुलीचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याचं कारण जाहिरातीत सांगतात ते नाही.

आता दुधाचा हिशेब करू. साडेसातशे ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला दीडशे-एकशेसाठ कॅलरी लागतात. वाढीच्या वयात किलोमागे ही भूक मोठ्या मांजराच्या तिप्पट-चौपट असते. गायीच्या शंभर मिली दुधात पासष्टच्या आसपास कॅलरी. म्हणजे नुसत्या दुधावर पोट भरायचं तर पाव लिटर दूध प्यावं लागेल, त्याच्या वजनाच्या एक तृतीयांश! त्यातून बारा ग्रॅमच्या आसपास दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पोटात जाणार. ती पचवणारं विकर आईचं दूध सुटल्यावर पिल्लांमध्ये कमी होत जातं. मग जुलाब. पिल्लाला दोन दिवस जुलाब झाले तर ते जिवावर बेततं. दुधाचे जुलाब म्हणून ज्यांना दवाखान्यात आणतात, त्यातल्या बऱ्याच पिल्लांना जंत असतात, हेही खरं. पण दूध बंद करून पाहायला पैसे पडत नाहीत. चमचाभर दही बहुतेकांना बाधत नाही. मात्र ते जेवण धरू नका. आणि तुमच्या ताटातलं श्रीखंड ते चाटत असेल तर गोडाची आवड आहे असं समजू नका. मांजराला गोड चव कळतच नाही, चव ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक त्याच्यात निकामी आहे. त्याला ओढ असते ती चक्क्यातल्या स्निग्धांशाची.

पाकिटांच्या किमतीने तुम्ही घाबरलात, कारण तुम्ही बहुधा ओल्या खाद्याचे पाउच पाहिलेत. सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या त्या पाउचमध्ये चार पंचमांश पाणी असतं. पोट भरायला दिवसाला दोन-तीन लागतील, आणि ते शंभर रुपयांच्या घरात जातं. रोजच्या जेवणासाठी पिल्लांचे सुके दाणे घ्या. शंभर ग्रॅम दाण्यांत पावणेचारशे ते चारशे कॅलरी असतात, म्हणजे तुमच्या पिल्लाला दिवसाला चाळीस ग्रॅम पुरतात, आमटीची लहान वाटी भरेल न भरेल एवढे. किलोचा भाव चारशे रुपये धरला तरी रोजचे सोळा रुपये झाले. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी याहून महाग पडते. पुढच्या दोन-तीन महिन्यांत भूक वाढून साठ ग्रॅमपर्यंत जाईल, तेव्हा चोवीस रुपये. म्हणजे महागडं खाद्य विरुद्ध स्वस्त दूधभात असा हा सामनाच नाही.

खरेदी करताना पाकिटाची पुढची बाजू सोडा, मागची वाचा. खाद्य पिल्लांसाठी किंवा वाढीच्या वयासाठी आहे आणि ते ‘संपूर्ण व संतुलित’ आहे, या दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेचे निकष आपल्याकडच्या अनेक पाकिटांवरही दिसतात. त्यांच्या हिशेबाने पिल्लाच्या खाद्यात, पाण्याचा अंश वगळून, किमान तीस टक्के प्रथिनं लागतात आणि सुक्या खाद्यात किमान ०.१ टक्का टॉरीन. एवढं जमत असेल तर मधल्या किमतीचा ब्रँड चालतो. पाकिटावर सामन माशाचं चित्र आहे म्हणून दुप्पट पैसे मोजू नका. कुत्र्याचं खाद्य स्वस्त मिळतं म्हणून तेही आणू नका. त्यात प्रथिनं कमी असतात आणि टॉरीनची हमी नसते.

दुकानात उघड्या गोणीतून सुटे दाणे मिळतात. दिसायला स्वस्त, पण आपल्या दमट हवेत त्यातली चरबी खवट होते, बुरशी धरते, आणि गोणीवरची तारीख तुम्हाला दिसलेली नसते. त्यापेक्षा बंद मोठं पाकीट घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मुंग्यांचा उपाय तुम्हाला मी सांगायला नको, ताटलीत पाणी घालून त्यात वाटी. दाणे सुरुवातीला कोमट पाण्यात भिजवून द्या. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यामुळे त्याला तहान जाणवते उशिरा. दाण्यांबरोबर पाणी पोटात गेलं तर पुढे मूत्रमार्गाचे त्रास टळायला मदत होते. भिजवलेलं खाणं तासाभरात संपलं नाही तर टाकून द्या. म्हणून एकदम भिजवायचंच नाही. दिवसातून चार वेळा थोडं थोडं.

अंडं तुमच्या घरात चालतं, हे उत्तमच. पूर्ण उकडून, कुस्करून द्या. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागातलं एक प्रथिन बायोटिन नावाचं जीवनसत्त्व अडवून धरतं. वरचं खाणं एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत ठेवायचं, हा पशुवैद्यांचा साधा नियम. अंड्यात सत्तर कॅलरी असतात, म्हणजे तुमच्या पिल्लाला दिवसाला जेमतेम पाव अंडं, बाकीचं मुलांना खाऊ दे. एक मात्र मान्य करायला हवं : दाण्यांत कोंबडी नाहीतर मासे असतातच. स्वयंपाकघरात मांस शिजणार नाही एवढं तुम्हाला पाळता येईल. मांजरालाच शाकाहारी करणं मात्र त्याच्या जिवावर येईल आणि मी तरी तसा सल्ला देणार नाही.

मांसाहारी घरांतून याच्या उलट प्रश्न येतो : कोंबडीवाल्याकडून स्वस्त तुकडे आणून रोज उकडून घातले तर? हा मोह मोठा आणि त्यातली चूक महिना-दीड महिना दिसतच नाही. शंभर ग्रॅम नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम दहा-पंधरा मिलिग्रॅम आणि फॉस्फरस दोनशेच्या घरात. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम हे फॉस्फरसइतकं किंवा त्याहून थोडं जास्त हवं असतं. उंदीर हाडांसकट खाल्ला जातो, तिथे हिशेब आपोआप जुळतो. बोनलेस चिकनमध्ये तो जुळत नाही, म्हणून रक्तातली कमतरता भरून काढायला शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढू लागतं. पिल्लू गुबगुबीत दिसतं, केस चकाकतात, सगळे खूश असतात. मग ते उडी मारायचं टाळतं, लंगडतं, आणि एखाद्या दिवशी खुर्चीवरून उडी मारली तेवढ्यानं पाय मोडतो. एक्स-रेमध्ये हाडं फिकट, कागदासारखी दिसतात. ‘पण डॉक्टर, आम्ही तर रोज चिकन घालत होतो,’ हे वाक्य तेव्हा ऐकू येतं.

तेव्हा चिकनही दाण्यांवरची भर म्हणूनच, चमचा-दोन चमचे. छातीपेक्षा तंगडीचं मांस आणि हृदय यांत टॉरीन जास्त, आणि कोंबडीवाला हृदयं स्वस्तात देतो. टॉरीन पाण्यात उतरतं, म्हणून उकडलेलं पाणी फेकू नका, दाणे त्यातच भिजवा. कलेजी आठवड्यातून एकदा, बोटाच्या पेराएवढी. रोज दिली तर अ जीवनसत्त्व साठून मानेची हाडं जखडतात. शिजलेलं हाड कधीच देऊ नका, त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. कच्चं चिकनही नको. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. मांजराच्या कुळाला हा विषाणू सोसत नाही आणि नीट शिजवण्याने तो मरतो. आपल्या पातेल्यातला रस्साही द्यायचा नाही. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. मांसाचे तुकडे वाटण घालण्याआधी बाजूला काढा.

पैसे वाचवायचेच तर खाण्याआधी जंतांकडे बघा. रस्त्यावरच्या पिल्लांना आईच्या दुधातूनच जंत लागतात. पाय काड्या आणि पोट टम्म असेल तर तुम्ही घालाल त्यातला वाटा जंत खाताहेत. औषध वजनावर ठरतं आणि स्वस्त असतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात केसपेपर थोडक्या पैशांत निघतो. मोठं काही निघालं तर तुम्हाला परळचं बाई साकरबाई पेटिट प्राणी रुग्णालय लोकलच्या अंतरावर आहे. लशी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात, तेव्हा दोन्ही कामं एका खेपेत करून घ्या. पिल्लाला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल मात्र देऊ नका. आपल्याला किरकोळ वाटणारी एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेते.

आणि दर रविवारी त्याच किराणा दुकानात वजन करा. आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आसपास वाढ होत असेल तर तुमचं बरोबर चाललंय. वाढ थांबली, किंवा पिल्लानं दिवसभर काही खाल्लं नाही, तर वाट न पाहता डॉक्टर गाठा.

प्रश्न : गवताच्या गंजीत डोळे न उघडलेली तीन पिल्लं सापडली आहेत. शेळीचं दूध गायीपेक्षा हलकं म्हणतात. ते देऊ का?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : आधी त्यांना हात लावू नका. मांजरी बहुतेक वेळा पिल्लं हलवत असते किंवा खायला गेलेली असते. दूर उभं राहून काही तास वाट पाहा. ती आलीच नाही तर प्रथम ऊब द्या, दूध त्यानंतर. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. शेळीच्या दुधात लॅक्टोज जवळजवळ गायीच्या दुधाइतकंच असतं, आणि मांजरीच्या दुधात प्रथिनं याच्या दुपटीच्या आसपास असतात, म्हणून हलकं हा समज इथे कामाचा नाही. मेडिकलमध्ये किंवा पशुवैद्याकडे पिल्लांची दूध पावडर मिळते, ती आणा. इथे काटकसर करू नका. डोळे मिटलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, दूध लागतं. पाजताना पिल्लू पोटावर असावं, तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कापसाने मागची बाजू पुसा, त्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही. चार आठवड्यांनंतर दाणे कोमट पाण्यात लापशीसारखे करून सुरू करता येतात.

प्रश्न : आमच्याकडे मासळी रोजची. काटे, डोकी, कधी अख्खी तारली मांजराच्या पिल्लाला टाकतो. खर्च शून्य. चालेल ना?
— एक वाचक, मालवण

उत्तर : बंदरावरची मोठी मांजरं त्यावर जगताना दिसतात, पण पिल्लाचं निव्वळ तेवढ्यावर होणार नाही. काही कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. असे मासे रोज खाल्ले तर पिल्लू मान वाकडी करतं, झोकांड्या खातं, झटकेही येतात. शिजवलं की ते विकर निकामी होतं. तारली-बांगड्यासारखे तेलकट मासे रोज दिले तर ई जीवनसत्त्व संपून अंगातल्या चरबीला सूज येते आणि पिल्लाला उचललेलंही सहन होत नाही. आठवड्यातून दोनदा, मीठ-तिखटाशिवाय उकडून, काटे काढून, चमचाभर द्या. बाकी दिवस दाणे. मीठ लावून सुकवलेली मासळी मात्र पिल्लापासून लांबच ठेवा, त्यातलं मीठ त्या एवढ्याशा जीवाला फार होतं.