धूतेची रत्नावली : स्त्रीधन आणि पतीचे ऋण

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील रत्नावली चारुदत्ताच्या औदार्याची खूण म्हणून वर्गात शिकविली जाते. वस्तुतः ती त्याची नव्हेच. ती आपल्याला मातृगृहातून मिळाल्याचे धूता तिसऱ्या अंकात सांगते. धर्मशास्त्राच्या परिभाषेत ते स्त्रीधन होय.

वसंतसेनेने ठेव म्हणून ठेवलेले अलंकार शर्विलक चोरून नेतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायानुसार चोरांनी नेलेली ठेव भरून देण्याचे बंधन ती सांभाळणाऱ्यावर नसते. म्हणजे चारुदत्त कायद्याने ऋणको ठरत नाही. परंतु दरिद्र्याच्या घरी झालेल्या चोरीवर विश्वास कोण ठेवणार? तेव्हा, अलंकार आपलेच समजून आपण ते द्यूतात हरलो, असा निरोप तो मैत्रेयाबरोबर धाडतो. ठेव स्वतः वापरणारा मात्र भरपाईस बांधलेला असतो. नसलेले ऋण चारुदत्त असा एका असत्याने अंगावर ओढून घेतो आणि फेडतो पत्नीच्या धनातून.

पतीचे ऋण पत्नीने फेडण्याचे कारण नाही, तिने ते पत्करले असेल तरच ते तिच्यावर येते, असे हीच स्मृती सांगते. म्हणजे रत्नावलीपर्यंत कोणत्याही धनकोचा हात पोहोचत नव्हता. कात्यायन एक अपवाद नोंदवितो : पती व्याधिग्रस्त, संकटात वा धनकोंनी पीडलेला आहे हे जाणून पत्नीने प्रीतीने दिलेल्या धनाची परतफेड तो पतीच्या इच्छेवर सोडतो. धूतेचा प्रसंग या वर्णनाशी बराच जुळतो. पण ती पतीस काहीच देत नाही. रत्नषष्ठी व्रताचे दान म्हणून ती रत्नावली मैत्रेयाच्या हाती ठेवते. पतीचा स्वाभिमान जपण्याची ही युक्ती, हे टीकाकारांचे म्हणणे खरेच आहे. तिचा व्यावहारिक परिणाम मात्र सहसा कोणी पाहत नाही. पतीने मागितले नाही, घेतले नाही. आणि दानाला परतफेड नसते. धूता आपला पुढील हक्कच मिटवून टाकते. स्त्रीच्या द्रव्यावर निभाव लागल्याची खंत चारुदत्तास वाटते खरी, पण ती फार लवकर शमते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सहाव्या अंकात वसंतसेना रत्नावली परत पाठविते, तीही धूतेला बहीण मानून. धूता ती नाकारते : आर्यपुत्रांनी प्रसाद म्हणून दिलेली वस्तू आपण घेणे योग्य नव्हे, आर्यपुत्र हाच आपला अलंकार. या उत्तरात दाता पती आहे. मातृगृहाचा उल्लेख त्यात नाही.