खोलीचा स्वर

अमेरिकन संगीतकार आल्व्हिन ल्यूसिए (१९३१–२०२१) बोलताना अडखळत असत. १९६५ साली त्यांनी मेंदूतील विद्युत्-लहरींच्या योगे ढोल व झांजा निनादविल्या; परंतु त्यांची १९६९ ची रचना मला अधिक मोलाची वाटते. खोलीत बसून त्यांनी काही वाक्ये ध्वनिफितीवर मुद्रित केली, ती तेथेच वाजवून पुन्हा मुद्रित केली, आणि हाच क्रम कितीतरी वेळा चालविला. रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलले असता काही स्वर विशेष घुमतात ना? खोलीचेही तसेच. प्रत्येक आवृत्तीत तिच्या आवडीच्या स्वरांचा जोर वाढला, इतर क्षीण झाले. हळूहळू शब्द विरघळले, अडखळणेही विरघळले. उरले केवळ दीर्घ, घुमणारे नाद. आणि मूळ वाक्यांत त्यांनी आपले अडखळणे मोकळेपणाने सांगूनच टाकले होते.