आमच्या उपासनामंदिरांत वेदी कां नाहीं?

रोमन कॅथॉलिक देऊळ पाहून आलेला बंधु विचारतो, ‘आपल्या मंदिरांत वेदी कां नाहीं?’ प्रश्न योग्य आहे.

सातारा जिल्ह्यांत शुभवर्तमान आणणारें अमेरिकन मराठी मिशन मुंबईस १८१३ सालीं आलें. तेथें त्यानें १८२३ सालीं उपासनागृह बांधिलें, व साताऱ्यास १८४९ सालीं ठाणें घातलें. त्याचे बहुतेक मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे होते. त्यांच्या मतें मंडळी म्हणजे विश्वासणारी माणसें, इमारत नव्हे. त्यांचे अमेरिकेंतील पूर्वज तर उपासनेच्या घरास ‘सभागृह’च म्हणत, व गांवकीची सभाही तेथेंच भरे.

ख्रिस्ताचा यज्ञ एकदांच झाला (इब्री १०:१०). म्हणून वेदी नाहीं, मेज आहे. व्यासपीठ उंच, कारण वचन सर्वांस ऐकूं यावें. मेज मात्र त्याच्या पुढें, खालीं, लोकांजवळ. कारण तेथें भोजन होतें, आणि भोजनास माणसें भोंवतीं बसतात. पाळकाची निवड सभासदच त्याच छपराखालीं करीत.

सांगली-मिरजेकडील प्रेस्बितेरियन मंडळ्यांचा कारभार वडिलांच्या सभेकडे असे. पण मेजाविषयीं मत एकच. १९२४ सालीं दोन्ही पंथ संयुक्त मंडळींत आले. १९७० सालीं उत्तर भारताच्या मंडळींत अँग्लिकनही मिळाले, ज्यांच्या मंदिरांत प्रभुभोजनाची जागा बहुधा पूर्वेच्या टोकास, कठड्यापलीकडे असते. हें ऐक्य आनंदाचेंच. परंतु तें पाहून आपलें मेज उचलून भिंतीशीं नेऊं नये, असें आम्हांस वाटतें. भिंतीशीं गेलेल्या मेजाभोंवतीं कोणास बसतां येत नाहीं. उपदेशकांनीं येत्या प्रभुभोजनापूर्वीं मुलांस मेजाजवळ उभें करून हें समजावून सांगावें.