षड्यंत्र नावाचं यंत्र

'षड्यंत्र' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, सहा भागांचं काहीतरी मशीन असणार! शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठीची पाटी बऱ्यापैकी कोरी. पण आता वाटतं, माझा तो अर्थ अगदीच टाकाऊ नव्हता. अफवेचंसुद्धा एक मशीनच असतं. त्यात भीती टाकायची, थोडा अर्धवट सायन्स टाकायचा, 'हे तुम्हाला कोणी सांगणार नाही' असं ऑइलिंग करायचं आणि बटण दाबायचं. मित्रांनो, हे मशीन चालतं कसं आणि बंद पडतं कसं, ते बघू या.

भारतात कोविडचं लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. १ मे २०२१ पासून ते १८ वर्षांवरील सर्वांना खुलं झालं आणि ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयोगटाला, म्हणजे आमच्या बॅचला. त्या काळात फोनवर काय काय आलं ते आठवा. लशीत चिप आहे, दंडाला नाणं चिकटतं, मूल होत नाही, फाइव्ह-जीशी कनेक्शन आहे...

आता मी ईएनटीसीची, त्यामुळे चिपची केस आपल्या डिपार्टमेंटची. इंजेक्शनच्या २३ गेजच्या सुईचा आतला बोअर मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश. चिप धुळीच्या कणाएवढी करता येईल हो, पण अँटेना? ३.५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे क्वार्टर-वेव्ह अँटेना दोन सेंटिमीटरच्या वर. बॅटरी कुठे ठेवणार? जीपीएस रिसीव्हर तर फक्त ऐकतो. तुमचा पत्ता दुसऱ्याला कळवायचा तर वेगळा ट्रान्समीटर आणि पॉवर लागते. कुत्र्या-मांजरांना बसवतात ती चिप तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठी असते, जाड सुईने घालतात आणि रीडर अगदी जवळ नेला तरच वाचता येते. आणि गंमत म्हणजे भारतात फाइव्ह-जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला. तोपर्यंत देशात २०० कोटींच्या वर डोस देऊन झाले होते! बरं, लोकेशन सांगणारं यंत्र आपण स्वतःच्या पैशाने विकत घेऊन खिशात ठेवतोच की.

हे सगळं सेकंड इयरच्या मुलालाही कळतं. मग शिकलेली मुलंसुद्धा का अडतात? कारण प्रश्न गणिताचा नसतो, विश्वासाचा असतो. ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठातल्या डॅनियल जॉली आणि कॅरन डग्लस यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांना लशींविरुद्धच्या कटाचा मजकूर वाचायला दिला आणि विचारलं, समजा तुम्हाला मूल आहे, त्याला लस द्याल का? ज्यांनी तो मजकूर वाचला त्यांची तयारी कमी दिसली. नुसती लशीची भीती वाढली होती असं नाही. 'आपल्या हातात काही नाही' ही भावना आणि अविश्वासही वाढला होता. २०२१ मध्ये आलेल्या आणखी एका अभ्यासात ब्रिटन आणि अमेरिकेतल्या प्रत्येकी सुमारे ४,००० जणांना घेतलं होतं. कोविड लशीबद्दलची खोटी माहिती दाखवल्यावर 'नक्की घेणार' म्हणणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही देशांत सुमारे ६ टक्क्यांनी घसरलं. म्हणजे पूर्ण विश्वास बसण्याची गरजच नाही, नुसतं डोळ्यांखालून गेलं तरी पुरतं!

मॅथ्यू हॉर्न्सी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २४ देशांतल्या लोकांचा अभ्यास मांडला. त्यात कटांवर विश्वास ठेवणाऱ्यांबरोबर आणखी एक गट लसविरोधात पुढे होता: 'मला कोणी सांगायचं नाही' या स्वभावाचा. आता हा स्वभाव विशीतला, आणि हॉस्टेलमध्ये तर घाऊक मिळतो! त्यात आपलं वय असं, की आजार दुसऱ्याला होतात असंच वाटतं.

पण अविश्वास करणारा प्रत्येक जण मूर्ख, असं म्हणून चालणार नाही. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय माणसांना उपचाराविना ठेवलं, पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरसुद्धा. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी सीआयएने पाकिस्तानात अबोटाबादला लसीकरणाची बनावट मोहीम चालवली. त्याची किंमत पुढे खऱ्या पोलिओ कर्मचाऱ्यांना मोजावी लागली. म्हणजे कट होतातही. मग खरं-खोटं ओळखायचं कसं?

मला एक उदाहरण उपयोगी वाटतं. अॅस्ट्राझेनेकाच्या लशीने (आपल्याकडची कोविशील्ड तीच) क्वचित, लाखात एक-दोघांना, रक्ताच्या गाठींचा गंभीर त्रास होतो असं दिसलं. ते शोधलं कोणी? डॉक्टरांनी आणि औषध नियंत्रकांनीच. एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनने ३० वर्षांखालच्यांना दुसरी लस देण्याचा सल्ला दिला, मे महिन्यात तो ४० पर्यंत वाढवला. खऱ्या धोक्याला आकडा असतो, वयोगट असतो, लक्षणं असतात आणि नवी माहिती आली की निर्णय बदलतो. कटाच्या गोष्टीला यातलं काहीच नसतं. पुरावा नाही मिळाला तर 'बघा, कसा लपवलाय!' हाच तिचा पुरावा. असं डिझाइन व्हायव्हात कोणी पास करेल का?

आता हॉस्टेलचं. गेल्या सेमिस्टरला आमच्या वर्गातल्या एका मुलाला कँटीनमागचं कुत्रं चावलं. पहिलं इंजेक्शन घेतलं, दुसऱ्याला मात्र गडी जाईना. गावच्या ग्रुपवर आलं होतं की या लशींनी पुढे मूल होत नाही. मित्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, तसा तो आणखीच हट्टाला पेटला. शेवटी रेक्टर सरांनी त्याला बोलावून घेतलं. "तुला नेमकी भीती कशाची वाटते, ते सांग," म्हणाले. त्याने खाली मान घालून सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "अरे, मला दोन मुली आहेत, आणि मला कुत्रं चावलं होतं लग्नाच्या आधी. सगळे डोस घेतले होते. चल, गाडी काढतो." तो गेला. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. म्हणजे त्या फॉरवर्डची किंमत एक जीव होती, आणि तो वाचला तो लेक्चरने नाही, विचारपूस केल्याने.

पोलिओच्या वेळीही उत्तर प्रदेशात हीच 'मूल होत नाही'ची अफवा होती. ती मोडली गल्लीतल्या ओळखीच्या बायकांनी आणि मौलवींनी, दारोदार जाऊन. भारतातला शेवटचा वाइल्ड पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ चा, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

तेव्हा मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा :

१) टिंगल करू नका, आधी भीती विचारा.
२) अफवा पोचायच्या आधी माहिती पोचवा. जॉली आणि डग्लस यांच्याच २०१७ च्या अभ्यासात खुलासा आधी दिला तर उपयोगी पडला, नंतर दिला तर नाही. म्हणून फर्स्ट इयरच्या ओरिएंटेशनमध्येच लशींवर अर्धा तास ठेवावा, अशी रेक्टर सरांना विनंती.
३) 'काहीच साइड इफेक्ट नसतो' असं सांगू नका. खरं सांगा, आकड्यासकट.
४) कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पूर्ण करा.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' हे खरंच. पण मनाचं करण्याआधी ते मन कोणी फॉरवर्ड केलेलं नाही ना, एवढं जरूर तपासा. बघा पटतंय का!