कार्डावरच्या तारखेवर विसंबू नका

राजगुरुनगर-चाकण पट्ट्यातली पोरं हल्ली भेटली की जर्मनीचं विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जरा जास्तच. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने असल्यानं जर्मन मशीन आपल्या पोरांना परकी नाहीत. त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल मला शंका नाही. काळजी वाटते ती कागदांची.

मी चाकणच्या एका टूलरूममधून श्टुटगार्टजवळच्या सुट्या भागांच्या कंपनीत गेलो, इंजिनिअरच्या पदवीवर, ब्लू कार्ड म्हणजे पदवीधरांचा तिकडचा कामाचा परवाना घेऊन. निघताना एजंटनं सांगितलं होतं, "कार्ड चार वर्षांचं आहे, चार वर्षं तुम्हाला कुणी हात लावत नाही." पुढे कंपनीच्या ऑर्डरी आटल्या. एका दुपारी मला केबिनमध्ये बोलावून दोन पानी कागद पुढे ठेवला गेला. दोघांच्या संमतीनं नोकरी संपवतोय, असा त्याचा मजकूर. आजच सही केलीत तर काही पगार जादा मिळतील, असंही सांगितलं.

आमच्या शॉपमधले एक वयस्क तुर्की सहकारी कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी होते. त्यांनी मला सही करू दिली नाही. कागद घरी नेऊन वाचायचा, एवढंच सांगायचं, म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी जे समजावलं ते आपल्याकडच्या एकाही एजंटच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. संमतीच्या कागदावर सही केली की नोकरी आपणच सोडल्यासारखं धरतात आणि बेकारी भत्ता बारा आठवड्यांपर्यंत रोखला जाऊ शकतो. भत्ता मिळायलाही मागच्या तीस महिन्यांत बारा महिने विमा भरलेला असावा लागतो. कंपनीनं काढायचं ठरवलंच तर नोटीस लेखी हवी, आणि ती हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात जाता येतं. तीन आठवडे उलटले की तो दरवाजा जवळपास बंदच होतो.

पण सगळ्यात महत्त्वाचं वेगळंच होतं. कार्डावर तारीख कोणतीही छापलेली असो, परवाना दिलेला असतो त्या नोकरीसाठी. नोकरी मुदतीआधी संपतेय हे कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेला, आपण स्वतः कळवायचं असतं. कंपनीलाही चार आठवड्यांत कळवावं लागतं. म्हणजे आपण गप्प बसलो तरी बातमी पोचतेच, फक्त आपण लपवलं असं दिसतं. मग मुदत कमी करायचा अधिकार त्या कार्यालयाला असतो. मी लेखी कळवलं, पोच जपून ठेवली, नोकरी शोधायला वेळ मिळाला आणि दुसरी मिळालीही. माझ्याच बरोबर कमी झालेला आपल्याकडचा एक मुलगा भीतीपोटी गप्प राहिला. त्याला परत यावं लागलं. कामात तो माझ्यापेक्षा सरस होता, याची मला आजही हळहळ वाटते.

नवी नोकरी मिळाल्यावरही घाई नको. ब्लू कार्डाच्या पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची तर कार्यालयाला कळवावं लागतं, आणि ते तीस दिवस थांबवून नकारही देऊ शकतं. आयटीआयच्या जोरावर गेलेल्यांच्या कार्डासोबत एक हिरवा कागद असतो. त्यावर कोणत्या मालकाकडे, कोणतं काम, ते लिहिलेलं असतं. तो आधी वाचा. त्यात न बसणारं काम परवानगीशिवाय एक दिवसही करू नका.

आयटीआयवाल्यांना आणखी एक सांगायचंय, कारण इथंच जास्त फसवणूक होते. मार्च २०२४ पासून अनुभवावर जाण्याची वाट खुली झाली: मागच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा अनुभव, ठरलेल्या मर्यादेवर पगार आणि आपल्या देशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डरचा एकच वर्षाचा. दहा वर्षं उत्तम वेल्डिंग केलेल्या माणसालाही केवळ त्या प्रमाणपत्रावर ही वाट मिळत नाही, आणि पैसे घेताना हे त्याला कुणी सांगत नाही. प्रमाणपत्राला तिकडची मान्यता घेऊन जायचं असेल, तर आपला ट्रेड तिकडच्या ट्रेडशी जुळतो का, हे कारखान्यातल्या बहुतेक ट्रेडसाठी न्यूर्नबर्गची आयएचके फोसा ही संस्था तपासते. तिचा निर्णय हातात येईपर्यंत गुंठाभरही जमीन विकू नका. आपल्या तालुक्यात जमिनीला भाव आला आहे, म्हणूनच एजंटांची नजर इकडे आहे.

एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. लाखांत बोलणाऱ्याकडे पावती मागा. तिथंच त्याचं खरं-खोटं कळतं.

तिकडे पोचल्यावर खोली मिळाली की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, आणि त्याला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. पत्र न देणाऱ्याची खोली स्वस्त असली तरी घेऊ नका. पुढची सगळी सरकारी पत्रं त्याच पत्त्यावर येतात. परवान्याची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज गेलाच पाहिजे. तो वेळेत गेला की निर्णय येईपर्यंतचं प्रमाणपत्र मिळतं आणि राहणं कायदेशीर राहतं.

आणि घरी कुणी आजारी पडलं, गावी यावं लागलं, तर मुक्कामाचा हिशेब ठेवा. साधा परवाना सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास आपोआप संपतो. ब्लू कार्डाला बारा महिन्यांची सवलत आहे. जास्त दिवस लागणार असं वाटलं तर विमानात बसण्याआधी कार्यालयाकडून वाढीव मुदत लेखी घ्या. इथून फोन करून ती मिळवणं फार अवघड जातं.