शब्द कोण ऐकतं, ताई?

लग्नात डीजे नको, दोन-तीन वाद्यांवर हळुवार प्रेमगीतं ठेवू, असं हल्ली बऱ्याच घरांत ठरतं. आमच्याकडेही ठरलं. धाकट्या भावाचं लग्न, नाशिकला गंगापूर रोडवरचं लॉन, गोरज मुहूर्त आणि लगेच स्वागतसमारंभ. गाण्यांचं खातं माझ्याकडे आलं, कारण घरात मध्यमापर्यंत गाणं शिकलेली मीच. ते मी नीट सांभाळलं होतं. यादी टाइप केली, प्रत्येक गाण्यापुढे ते कधी म्हणायचं ते लिहिलं आणि खाली गायक-वादक आणणाऱ्या इव्हेंटवाल्याची सही घेतली. हे आधीच सांगते, कारण नंतर नात्यातल्या काही मंडळींनी 'यादी आधी द्यायची ना गं' असं मलाच ऐकवलं आहे.

नवरा-नवरी फाटकापासून स्टेजपर्यंत चालत येतील तेव्हा 'शुक्रतारा मंद वारा' म्हणायचं होतं. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. बाबांची ही एकच मागणी होती. बाकी सगळं त्यांनी मुलांवर सोडलं होतं.

गिटार वाजली, गायकाने डोळे मिटले आणि सुरू केलं 'तोच चंद्रमा नभात'.

शांता शेळके यांचं गीत, सुधीर फडक्यांची चाल आणि त्यांचाच आवाज, एका जुन्या संस्कृत श्लोकाच्या छायेतलं. मराठीतल्या उत्तम भावगीतांत मी ते फार वर धरते. पण ते सांगतं काय? चंद्र तोच, रात्र तीच, जवळ बसलेली दोघंही तीच, फक्त ती पहिली ओढ आता उरलेली नाही. आणि हे कुणासाठी, तर नुकत्याच ज्यांच्यावर अक्षता पडल्या त्या दोघांसाठी! बाबा स्टेजच्या पायरीशी उभे होते. मुखड्याला त्यांचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, कारण हेही त्यांना पाठ आहे. अंतरा सुरू झाला आणि ओठ थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. नवरीच्या आत्या शाळेत मराठी शिकवत असत. त्यांनी मात्र शेजारच्या बाईंना विचारलं, "हे निवडलं कुणी?" मला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

मी त्या गायकाजवळ गेले. यादी माझ्या हातात होती. तो म्हणाला, "ताई, हेही चंद्राचंच आहे ना?" मी म्हटलं, अहो, शब्द तरी बघायचे होते. त्यावर तो हसला. "शब्द कोण ऐकतं, ताई? लोक जेवतायत. फील महत्त्वाचा."

हे वाक्य मी अजून विसरू शकलेली नाही. शब्द कोण ऐकतं? आमच्याकडे सगळे ऐकतात. आकाशवाणीवर भावगीतं ऐकत ज्यांचं आयुष्य गेलं, ती एक अख्खी पिढी त्या लॉनवर खुर्च्यांत बसली होती. भावगीत शब्दांवरच उभं असतं. चाल लावणारे संगीतकार एकेका शब्दासाठी अडून बसायचे आणि हा मनुष्य मानधन घेऊन सांगतो की शब्द कोण ऐकतं! पुढचं गाणं काय होतं ते सांगू? 'भातुकलीच्या खेळामधली'. राजा-राणीची ताटातूट. स्वागतसमारंभात. तेही यादीत नव्हतं.

खरा प्रकार माझ्या लक्षात आला तो तिसऱ्या गाण्याला. 'अनप्लग्ड' म्हणून ठरवलेल्या या चमूत गायक, गायिका, गिटारवाला आणि कहोन वाजवणारा एक मुलगा होता. कहोन म्हणजे ती लाकडी पेटी, जिच्यावर बसून हातांनी ठेका धरतात. कॅटररच्या पोराने त्या मुलासमोर सूपचा ट्रे धरला. मुलाने दोन्ही हातांनी वाटी उचलली आणि तोंडाला लावली. ठेका चालूच होता. तसाच्या तसा, एका मात्रेचा फरक नाही. मी स्टेजच्या मागे गेले. काळ्या कापडाखाली लॅपटॉप होता आणि त्यावर ट्रॅक चालला होता, कराओकेचा.

मग सगळा उलगडा झाला. आमची यादी का फिरली? कारण ज्या गाण्यांचे ट्रॅक त्यांच्याकडे होते, तीच ते म्हणू शकत होते. गायिकेचा आवाज अंतऱ्याला का ताणला जात होता? कारण ट्रॅक ज्या पट्टीत आला त्याच पट्टीत तिला गावं लागत होतं. तिचा मला राग नाही. गळा चांगला होता, वय कोवळं होतं आणि तिला बहुधा गाणी आदल्या दिवशी कळली असावीत. राग आहे तो हातांनी वाजवण्याचे पैसे घेऊन लॅपटॉप लावणाऱ्याचा.

म्हणून ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांच्यासाठी हे लिहिते.

ठरवायला जाल तेव्हा रील्स बघून भुलू नका. रीलवरचा आवाज स्टुडिओतला असू शकतो. मागच्या एखाद्या लग्नात पाहुण्यांपैकी कुणी मोबाइलवर घेतलेला, न कापलेला व्हिडिओ मागा. त्याहून बरं म्हणजे समोर बसवून एक गाणं म्हणायला सांगा आणि मधेच म्हणा, 'हे एक सूर खाली घेऊन दाखवा.' खरा गिटारवाला कॅपो सरकवेल किंवा हाताची पकड बदलेल आणि लगेच सुरू करेल. दुसऱ्या प्रकारचा लॅपटॉपकडे बघेल. युगुलगीत असेल तर ही परीक्षा घ्याच. पुरुषाचा आवाज साधारण काळी एक-काळी दोनमध्ये सुखात असतो, बाईचा पांढरी पाच ते काळी पाचच्या आसपास. दोघांना एकाच पट्टीत बसवायचं तर कुणाला तरी थोडं सोसावं लागतं. ते कुणी आणि कुठे सोसायचं, हे तालमीत ठरतं. मांडवात ठरत नाही.

करारात 'लाइव्ह म्युझिक' एवढंच लिहू देऊ नका. कोण काय वाजवणार आणि ट्रॅक अजिबात वापरायचा नाही, हे लिहून घ्या. यादीत नसलेलं गाणं म्हणायचं असेल तर कुणाला विचारायचं, त्या माणसाचं नाव लिहा. आम्ही यादी लिहून घेतली, पण ट्रॅकबद्दल शब्द टाकायचं कुणाच्या डोक्यात येणार? 'अनप्लग्ड' म्हटल्यावर लॅपटॉप नसणार, हे कुणीही धरूनच चालेल.

पैशांचं एक कळीचं सांगते. शेवटचा हप्ता घरातल्या एकाच माणसाने द्यायचा आणि ते सगळ्यांना माहीत हवं. आमच्याकडे त्या इव्हेंटवाल्याने मी पंगतीकडे असताना बाबांना गाठलं आणि 'मुलांना निघायचंय' म्हणून उरलेली रक्कम घेऊन गेला. बाबांचा स्वभाव असा की शुभकार्यात ते कुणाला थांबवणार नाहीत. त्याने तो बरोबर ओळखला.

बिलात त्याने आणखी एक ओळ घातली होती, 'गाण्यांच्या परवान्याचा खर्च'. कुणी असं मागितलं तर कॉपीराइट कायदा, 1957 मधलं कलम 52(1)(झेडए) दाखवा. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं म्हणणं किंवा वाजवणं हा हक्कभंग नाही आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक सोहळे त्यात येतात, असं तिथेच स्पष्टीकरण दिलेलं आहे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै 2023 मध्ये जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितलं. लग्नाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकताना त्यातल्या गाण्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्याला ही सवलत आपोआप लागू होईल असं समजू नका.

दहाचा नियम मात्र खरा आहे आणि तो आधी लक्षात घ्या. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाची गोष्ट निराळी, लॉनला सूट नाही. सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत मुभा देतं, पण ती सणा-उत्सवांसाठी, तुमच्या-आमच्या रिसेप्शनसाठी नाही. त्यामुळे आवडतं गाणं 'शेवटी ठेवू' असं करू नका. आमचे गायक ठरल्या वेळेच्या बरेच नंतर उगवले आणि दहाला काटा टेकताच माइक बंद करून म्हणाले, 'नियम आहे ताई.' शब्दांचा नियम त्यांना ठाऊक नव्हता, हा बरोबर ठाऊक होता. 'शुक्रतारा' त्या संध्याकाळी झालंच नाही.

अकूस्टिक म्हणजे माइक नको, असाही एक गैरसमज आहे. उघड्या लॉनवर, जेवणाऱ्या माणसांच्या कलकलाटात, नुसती गिटार चौथ्या रांगेतही पोचत नाही. गिटारची वायर थेट मिक्सरला, प्रत्येक गळ्याला वेगळा माइक आणि गायकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून समोर मॉनिटर, एवढं हवंच. लॉनवाल्याचे स्पीकर बहुतेक वेळा डीजेच्या हिशेबाने लावलेले असतात. त्यांत खर्ज घुमतो आणि शब्द बुडतात. साउंडवाल्याला आधी सांगून खर्ज कमी करून घ्या. पाहुणे यायच्या आधी एक अख्खं गाणं म्हणवून घ्या आणि तुम्ही सर्वांत मागच्या खुर्चीवर जाऊन ऐका. शब्द कळले तरच पुढे.

आता गाणी. प्रत्येक गाणं शेवटच्या अंतऱ्यापर्यंत वाचा. ऐकू नका, वाचा. चालीच्या गोडव्यात अर्थ निसटतो. 'लग जा गले' आजकाल प्रत्येक रिसेप्शनला असतं. 'वो कौन थी?' मधलं मदनमोहन यांचं ते गाणं अप्रतिम आहे, पण पुन्हा भेट होईल न होईल या धास्तीतून ते म्हटलं आहे. 'चन्ना मेरेया' तर चित्रपटात नायक आपल्या आवडत्या मुलीच्या दुसऱ्याशी होणाऱ्या लग्नात गातो! आणि ते लोक वरमालेला वाजवतात. 'मालवून टाक दीप' ही सुरेश भटांची अतिशय देखणी रचना, पण ती दोघांच्या एकांतातली आहे. आजेसासऱ्यांच्या देखत ती म्हणवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट 'एकाच या जन्मी जणू' ज्या चित्रपटात आहे तो हुंड्याच्या छळावरचा, तरी त्या गाण्याला मी नाही म्हणणार नाही. त्याचे शब्द चित्रपटाबाहेरही स्वतःच्या पायावर उभे आहेत आणि ते नव्या जन्माचे आहेत. 'दिवस तुझे हे फुलायचे' नवरीच्या प्रवेशाला शोभतं. 'धुंदी कळ्यांना' दोन आवाजांत, मंद लयीत, नुसत्या गिटारवर फार सुंदर लागतं. 'जोगवा'मधलं 'जीव रंगला' निवडायचं तर गळा तयारीचा हवा. हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांना त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. ते कुणीही उचलून म्हणावं असं नाही.

प्रवेशाच्या वाटेवर आधी घड्याळ लावून चालून बघा. फाटक ते स्टेज हे अंतर दोन-तीन मिनिटांत संपतं, म्हणून सुरुवातीचं वाद्यसंगीत कापून थेट मुखड्यावर या. मंगलाष्टकांच्या खाली गिटार वाजवू नका. भटजींचा सूर, मामांचा सूर, हौशी काकूंचा सूर, सगळे वेगळे असतात आणि तसेच असावेत. मुहूर्तापर्यंत सनई पुरते.

फोटोवाल्याशीही बोलून ठेवा. लग्नाचा व्हिडिओ जोडताना तो आपल्या मर्जीने मागे गाणी टाकतो. आमच्या व्हिडिओत प्रवेशाच्या दृश्यावर मूळ आवाज काढून 'शुक्रतारा' घालून द्या, असं मी त्याला लिहून कळवलं होतं. बाबांना निदान टीव्हीवर तरी ते दिसावं म्हणून. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत तिथे 'चन्ना मेरेया' आहे. मी तो परत पाठवला आहे आणि तेवढा भाग बदलून मिळेपर्यंत त्याचं बिल माझ्याकडे राहणार आहे. या वेळी बाबांनाही तसं सांगून ठेवलं आहे.