चंचल लेकरू आणि ब्राह्मीचा रस



आपल्या वसतिगृहात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. पाच मिनिटे एका जागी बसत नसे, हाक मारली तरी वळून बघत नसे. पाड्यावरच्या वैदूने ब्राह्मीचा रस सांगितला. "ताई, देऊ का?" आईने विचारले. रानपाला देवाचेच दान, असे म्हणून मी होकार दिला. चार महिने काहीच फरक पडला नाही. मग शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले. डॉक्टरांनी कान तपासले, तर दोन्ही पडद्यांना भोके! लेकराला नीट ऐकूच येत नव्हते.

चूक माझी होती. तिच्यातून शिकले ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट: प्रत्येक चंचल मुलाला अतिचंचलतेचा विकार, म्हणजे एडीएचडी, नसतो. लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झाली का, सहा महिने टिकली का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे डॉक्टर पाहतात. कान, डोळे, झोप, फिट्स यांचीही चौकशी करतात.

दुसरी गोष्ट: ब्राह्मी या नावाने दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात, जलब्राह्मी आणि मंडूकपर्णी. जलब्राह्मीवर मुलांमध्ये थोडे, छोटे अभ्यास झाले आहेत. उपचाराची जागा ती घेईल एवढा पुरावा नाही. तिने काहींना मळमळ, जुलाब होतात. सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी अमेरिकेत ५४ मुलांवर आठ आठवडे तपासली गेली. २००८ साली निष्कर्ष आला: औषध नसलेल्या गोळीपेक्षा ती सरस नव्हती.

तिसरी गोष्ट: झाडपाला म्हणजे निर्धोक, असे नाही. आपल्या बाळगुटीतल्या वेखंडात बीटा-असारोन असू शकते. त्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. मुलाला फिट्सच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही पाला देऊ नये.

यशयाने हिज्कीया राजासाठी अंजिरांची ढेप आणवली, ती गळवावर बांधली आणि राजा बरा झाला. औषधाला देवाच्या वचनात जागा आहे. पण तिथे दुखणे कुठे आहे ते आधी ठाऊक होते. मी मात्र दुखणे न शोधताच औषधाला हो म्हटले.

हे पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते, तपासणी मोफत असते. त्या दिवशी आपल्या ओळखीचे एकही लेकरू घरी राहू नये, एवढे आपण पाहू या. आमचा मुलगा उपचार घेत आहे. आता तो पहिल्या बाकावर बसतो आणि हाकेला ओ देतो.